भरल्याशिवाय विमान सुटणार नाही

"किल्लारी, किल्लारी, एकच शीट!" भूकंपानंतर लातूरच्या जीपअड्ड्यावर घुमणारी अब्बांची ही हाक वहिदाच्या कानात अजून होती. पण अब्बा जीप भरायचे, हे विमानतळावर तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं.

मोठ्या विमान कंपनीनं कोचिंग क्लासच्या पोरांसाठी 'चिमणी' नावाची स्वस्त उपकंपनी काढली, लातूर ते नांदेड. वहिदा तिथं घोषणा करायची. आधी पेढे वाटले. मग कंपनीच्या साहेबांनी जीपवाल्यांचाच कायदा लावला: भरल्याशिवाय विमान सुटणार नाही. पोरं ताटकळली, परीक्षा हुकल्या, चिमणी ओस पडली.

लेकीची नोकरी वाचावी म्हणून चिमणीच्या शेवटच्या दिवशी अब्बा खाजामियाँ विमानतळाच्या दाराशी येऊन ओरडू लागले, "नांदेड, नांदेड, एकच शीट!"

"कोण हा येडा?" साहेब खेकसले.

वहिदानं माईक खाली ठेवला. "माझे अब्बा हायत, साहेब. त्यांची जीप भरायची."