शेवटच्या सकाळची टोपली

मित्रांनो, मी एक जुनी टोपली आहे. माझी कडी दोनदा तुटून पुन्हा बांधलेली आहे आणि माझे झाकण एका बाजूला जरा वाकडे बसते. तरीही मी एकोणीस वर्षे एका मोठ्या प्रवासी जहाजावर काढली आहेत. समुद्र मात्र फारसा पाहिला नाही. मी पाहिल्या त्या सकाळी, लोकांच्या सहलीच्या शेवटच्या सकाळी.

माझा जन्म लोम्बोक बेटावर झाला. तिथल्या एका खेड्यात इनाक रूमिसा नावाची बाई राहत असे. इनाक म्हणजे आई. सारा गाव तिला याच नावाने हाक मारी. ती डोंगरातून वेली आणायची, त्या चिरायची, सुकवायची आणि अंगणात पाय पसरून विणायला बसायची. मला विणायला तिला बावीस दिवस लागले. मग तिने मला नारळाच्या सोडणांच्या धुरावर तीन दिवस ठेवले. त्या धुराने माझा रंग तपकिरी झाला आणि अंगाला एक खमंग वास लागला, तो आजही गेलेला नाही.

माझे झाकण पाहून टोपल्या विकत घ्यायला आलेल्या व्यापाऱ्याने तोंड वाकडे केले. "ही नको, इनाक. गिऱ्हाईक परत आणून देईल."

"नको तर नको," इनाक म्हणाली. "माझा मावर्दी जहाजावर नोकरीला चाललाय. त्याला होईल. त्याचं तरी कुठं सगळं सरळ असतं!"

मावर्दी तिचा धाकटा मुलगा. तो तेव्हा पंचवीस वर्षांचा होता. इनाकने माझ्यात सुकी मासळी, मिरचीच्या ठेच्याची बाटली आणि दोन नव्या लुंग्या भरल्या, आणि मी त्याच्याबरोबर निघाले.

आमचे जहाज सिंगापूरहून सुटे, पेनांग आणि फुकेत करून पाचव्या दिवशी सकाळी परत सिंगापूरला लागे. मावर्दीकडे एका मजल्यावरच्या सोळा खोल्या होत्या. चादरी बदलणे, झाडणे, पुसणे, टॉवेल ठेवणे ही त्याची कामे. चार दिवस प्रवासी मजेत असत. पाचव्या सकाळी मात्र त्याच माणसांचे चेहरे ओळखू येत नसत.

त्याचे कारण असे होते. मोठ्या बॅगा आदल्या संध्याकाळीच रंगीत चिठ्ठी बांधून दाराबाहेर ठेवाव्या लागत. खलाशी त्या खाली घेऊन जात आणि प्रवासी बंदरावर उतरल्यावरच त्या त्यांच्या हाती लागत. सकाळी एकेक रंग पुकारला जाई, त्या रंगाची माणसे उतरत. साडेआठपर्यंत खोल्या रिकाम्या हव्यात, कारण दुपारी नवे प्रवासी चढायचे. मग सकाळी सहापासून धावपळ सुरू होई. कोणाचा पासपोर्ट बॅगेत गेलेला असे, कोणाच्या रक्तदाबाच्या गोळ्या.

मावर्दीच्या पहिल्याच वर्षी सुराबायाचे एक लठ्ठ व्यापारी, पाक हर्तोनो, म्हणजे हर्तोनोसाहेब, आंघोळीचा अंगरखा घालून दारात उभे राहिले. ते जवळजवळ रडत होते.

"अरे, बायकोनं सगळं भरलं! सगळं! माझी विजारसुद्धा त्या बॅगेत गेली रे!"

आतून बायको म्हणाली, "मी तीनदा विचारलं होतं. तुम्ही नुसतं हूं हूं करत होता."

मावर्दी हसला नाही. तो खाली आपल्या खोलीत धावला, माझ्यातली एक नवी लुंगी काढली आणि स्वतःच्या हाताने त्यांच्या कमरेला नेसवून दिली. पाक हर्तोनो वर कोट आणि खाली लुंगी अशा थाटात ताठ मानेने उतरले. महिन्याभराने त्यांनी सहा लुंग्या पाठवल्या.

त्या दिवसापासून मला काम मिळाले. शेवटच्या सकाळी मावर्दी मला आपल्या मजल्याच्या टोकाला, जिन्याजवळ एका खुर्चीवर ठेवू लागला. माझ्यात लुंग्या असत, लहानमोठ्या सपाता, सेफ्टी पिना, अर्ज भरायला पेन, कोणीतरी विसरलेला वाचायचा चष्मा, बिस्किटे आणि मळमळणाऱ्यांसाठी आल्याच्या वड्या. ज्याला जे हवे ते त्याने घ्यावे.

आदल्या दिवशी चहाच्या वेळी तो प्रत्येक दारावर टकटक करून चार प्रश्न विचारी. "उद्या अंगात काय घालणार? पायात काय? गोळ्या कुठे? पासपोर्ट कुठे? नाही नाही, तोंडानं सांगू नका, हात लावून दाखवा." मुलांना हा खेळ फार आवडे. ती आजोबांचा हात धरून त्यांच्या गोळ्यांवर ठेवत. आणि सकाळी कोणी दारात ताटकळत उभा दिसला, की मावर्दी त्याला वर पिटाळी. "रंग पुकारायला वेळ आहे. जा, गरम पेज खाऊन घ्या. जहाज काही तुम्हाला घेऊन पळून जात नाही!"

आमच्या मजल्यावर शेवटच्या सकाळी आरडाओरडा बंद झाला. खोल्यांवर देखरेख करणाऱ्या मिस आदेला नावाच्या फिलिपिनो बाई होत्या, मोठ्या कडक. त्या मला पाहून म्हणत, "काय मावर्दी, आज पण दुकान मांडलंस का?" पण जाताजाता एक आल्याची वडी उचलत. दुसऱ्या मजल्यांवरच्या लोकांना त्या सांगत, "जरा त्याच्याकडून शिका." हे ऐकून माझे वाकडे झाकणसुद्धा सरळ झाल्यासारखे मला वाटे.

पण मित्रांनो, चांगले दिवस सांगून जात नाहीत. सतराव्या वर्षी वरून नवा नियम आला. कर्मचाऱ्यांच्या खासगी वस्तू प्रवाशांच्या वाटेत ठेवायच्या नाहीत. त्याऐवजी प्रत्येक खोलीत एक गुळगुळीत कागद ठेवला जाऊ लागला. त्यावर शेवटच्या सकाळच्या अकरा सूचना छापलेल्या होत्या. दारोदार प्रश्न विचारायची गरज उरली नाही. मिस आदेलांनी मान खाली घालून मावर्दीला हे सांगितले आणि त्याने मला झाडूंच्या कपाटात ठेवले.

तिथे मी दोन वर्षे पडून राहिले. ओल्या पोछ्यांचा वास, अंधार, आणि कोणीतरी कोंबलेल्या चिंध्या. एकदा मात्र मावर्दीने दार उघडून मला बाहेर काढले, चिंध्या फेकल्या आणि माझे झाकण उघडून आत तोंड घातले. लोम्बोकहून निरोप आला होता. इनाक गेली होती. जहाज तेव्हा भर समुद्रात होते. तो पोहोचेपर्यंत माती होऊन गेली असती. धुराचा तो वास हुंगून त्याने मला परत जागेवर ठेवले आणि चादरी बदलायला निघून गेला.

त्यानंतर वर्षभराने ती सकाळ आली.

मावर्दीच्या एका खोलीत पालेम्बांगचे एक वृद्ध जोडपे होते. पाक दहलान हे निवृत्त गणिताचे मास्तर. त्यांची बायको इबू मस्तुरा (इबू म्हणजेही आईच) हिला तीन वर्षांपासून विसर पडू लागला होता. तरुणपणी तिला मोठ्या जहाजात बसायची हौस होती. ती हौस तिच्या आठवणीतून पुसली जाण्याआधी मास्तरांना पुरी करायची होती. चारही दिवस ती खुशीत होती. रोज सकाळी कपाट उघडायची, आपले पाच झगे मोजायची आणि मावर्दी आला की त्याला नदीवरच्या बाजाराच्या गोष्टी सांगायची. होडीतून कशी जायची, मासळी कशी निवडायची. रोज तीच गोष्ट, आणि मावर्दी रोज नव्याने ऐकायचा.

पाचव्या सकाळी तिने कपाट उघडले. आत रिकामे हँगर लोंबत होते.

तिची किंकाळी मला झाडूंच्या कपाटात ऐकू आली. "घर लुटलं! दहलान, आपलं घर लुटलं!" आणि तिने न्हाणीघरात शिरून आतून कडी लावली.

मावर्दी धावत आला तेव्हा मास्तर तो गुळगुळीत कागद हातात धरून उभे होते. "मी सगळं केलं हो. तिचे आजचे कपडे वेगळे ठेवले. गोळ्या, पासपोर्ट, सगळं या पिशवीत आहे. अकराच्या अकरा सूचना. यात माझं कुठं चुकलं?"

"तुमचं काही चुकलं नाही, पाक," मावर्दी म्हणाला. "बसा तुम्ही."

त्यांच्या चिठ्ठीचा रंग पिवळा होता. तो एकदा पुकारला गेला, दुसऱ्यांदा गेला. मिस आदेला आल्या. "अकरा खोल्या बाकी आहेत, मावर्दी. मी रक्षकांना बोलावते. ते बाहेरून दार उघडतील."

"दोन अनोळखी पुरुष दार उघडून आत आले, तर त्यांना काय वाटेल? लुटलं म्हणून आधीच घाबरल्यात. मला दहा मिनिटं द्या."

"पाच."

मावर्दी थेट झाडूंच्या कपाटाशी आला. त्याने मला उलटे करून झटकले, बाहीने पुसले आणि घेऊन निघाला. न्हाणीघराच्या दाराशी तो जमिनीवर मांडी घालून बसला.

"इबू, मी मावर्दी. सोबत टोपली आणलीय."

आत फक्त हुंदके.

"बाजाराची टोपली आहे, इबू. मला काही पारख नाही. तुम्ही बघता का, चांगली आहे का?"

हुंदके थांबले. मास्तरांनी डोळे मिटून घेतले होते. मग कडी सरकली. दार चार बोटे उघडले आणि एक सुरकुतलेला हात बाहेर आला. त्या हाताने माझी कूस चाचपली, तळ चाचपला, वाकडे झाकण वर-खाली करून पाहिले.

"वीण घट्ट आहे," आतून आवाज आला. "कोणी विणली?"

"माझ्या आईनं."

"आहे का आई?"

सोळा खोल्यांच्या घाईत हा प्रश्न त्याला वर्षभर कोणी विचारला नव्हता. "नाही, इबू. गेल्या वर्षी गेली. मी इथं जहाजावर होतो. मला जाता नाही आलं."

दार पूर्ण उघडले. इबू मस्तुरा बाहेर आली आणि त्याच्यासमोर खाली बसली. तिने आपल्या ओढणीच्या टोकाने त्याचे डोळे पुसले, जसे लहान मुलाचे पुसतात तसे.

"मग तू जेवलास का रे?" तिने विचारले.

मावर्दीने नाही म्हणून मान हलवली.

"दहलान, पोरगं उपाशी आहे," ती नवऱ्याला म्हणाली. "या रिकाम्या घरात बसून काय करायचं? उठा."

मिस आदेला दारातच उभ्या होत्या. त्यांनी खिशातला रुमाल काढला आणि जोरात नाक शिंकरले. "पिवळा रंग आज सगळ्यांत शेवटी," त्या म्हणाल्या. "मावर्दी, यांना वर घेऊन जा. पेज खा तिघं. खोल्यांचं मी बघते." आणि त्यांनी खरोखरच बाह्या सरसावून बाजूच्या खोलीतल्या चादरी ओढायला सुरुवात केली.

उतरायच्या पुलाशी आल्यावर मास्तरांनी बायकोच्या हातातून हळूच माझी कडी सोडवायचा प्रयत्न केला. "मस्तुरा, ही त्यांची आहे. त्यांना परत देऊ या."

तिने मला छातीशी धरले. तिच्या डोळ्यांत पुन्हा ती भीती दिसू लागली.

मावर्दीचा हात माझ्या कडीवर होता. मला त्याची बोटे ओळखीची होती. ती एकदा घट्ट झाली आणि मग सुटली.

"राहू द्या, पाक," तो म्हणाला. "टोपली बाजारात गेली पाहिजे. कपाटात काय करेल?"

मी वळून पाहू शकत नाही. पण पूल उतरेपर्यंत तो तिथेच उभा होता, असे मास्तरांनी नंतर शेजाऱ्यांना सांगितले.

आता मी पालेम्बांगला मास्तरांच्या स्वयंपाकघरात असते. इबू मस्तुरा रोज सकाळी माझ्यात कांदे भरते आणि दुपारी काढून ठेवते. जहाज तिला आठवत नाही, मावर्दीही नाही. मास्तरांनी मात्र एक सवय लावून घेतली आहे. दवाखान्यात राहायला जायचे असो की तिच्या बहिणीकडे, ते सामान भरतात, पण तिचा एक झगा खुंटीवर तसाच ठेवतात. अगदी निघताना तो ती स्वतः काढते, घडी घालते आणि माझ्यात ठेवते. मग ती शांतपणे उंबरा ओलांडते. मास्तरांनी हे मावर्दीला पत्राने कळवले. त्याचे उत्तर आले की तो आता चहाच्या वेळी पुन्हा दारोदार जातो, मिस आदेला तिकडे पाठ फिरवून उभ्या राहतात, आणि चार प्रश्नांनंतर तो पाचवाही विचारतो: "खोलीतून सगळ्यांत शेवटी काय उचलायचं, आणि ते कोण उचलणार?"

मित्रांनो, तुम्हीही कधी सहलीहून परतत असाल, घर बदलत असाल, कोणाला गावाहून शहरात आणत असाल. कपडे, गोळ्या, कागद यांची काळजी तुम्ही घ्यालच. पण तुमच्यात कोणी फार म्हातारे असेल किंवा फार लहान असेल, तर त्यांच्या डोळ्यांसमोरून सगळे एकदम उचलून नेऊ नका. त्यांच्या ओळखीची एक वस्तू शेवटपर्यंत जागेवर राहू द्या आणि ती त्यांच्याच हाताने काढू द्या. त्यांचे हात हळू चालतील. गाठ सुटणार नाही, घडी नीट बसणार नाही, खाली गाडी वाजत असेल. तेवढा वेळ त्यांच्यापाशी बसून राहा.