वाय बरोबर एक

१९८४ साली मी अंधेरीच्या एका ज्युनिअर कॉलेजात गणित शिकवत होते. अकरावीचे सहामाहीचे पेपर वर्गात वाटले, तेव्हा खारदांड्याच्या मासळीवालीची मुलगी शेवंती उभी राहिली. ती बोलायची कमी, पण तिचे आलेख फार देखणे असत.

"मॅडम, दोन मार्क का कापले?"

एक्सचा वर्ग अधिक एक्स, भागिले एक्सचा वर्ग अधिक एक. याचा आलेख आणि असिम्प्टोट काढायची होती. असिम्प्टोट म्हणजे दूर जाताना आलेख जिच्या अधिकाधिक जवळ सरकत राहतो ती रेषा. ती तिने बरोबर काढली होती, वाय बरोबर एक. पण तिचा आलेख त्या रेषेला छेदून वर गेला होता आणि पुढे पुन्हा तिच्याकडे उतरत होता.

"असिम्प्टोटला आलेख कधीच शिवत नाही. अकरा वर्षं मी हेच लिहून देतेय."

"पण एक्सला एक घालून बघा ना. दोन भागिले दोन. म्हणजे रेषेवरच आला ना?"

पोरं कुजबुजायला लागली. मी खडूसुद्धा उचलला नाही.

"हा मासळीबाजार नाही, शेवंती. आईसारखी घासाघीस इथे चालणार नाही."

वर्ग खदाखदा हसला. ती खाली बसली.

स्टाफरूममध्ये मी एक घालून पाहिला. उत्तर एक. मग दोन घातले, सहा भागिले पाच. दहा घातले, एकशे दहा भागिले एकशे एक. रेषा ओलांडून वर आणि मग परत रेषेकडे, अगदी तिने काढलं होतं तसंच. मी तो कागद शेजारी सरकवला. फिजिक्स शिकवणारी शुभा म्हणाली, "अगं, मार्क देऊन टाक ना गुपचूप. वर्गात कशाला बोभाटा?"

दुसऱ्या दिवशी मी शेवंतीला व्हरांड्यात गाठलं आणि पेपरावर दोन मार्क वाढवले.

तिचा चेहरा उजळला. "म्हणजे माझं बरोबर होतं?"

मागून तिच्या वर्गातल्या दोघी येत होत्या.

"नाही गं," मी म्हटलं. "आकृती सुबक आहे, म्हणून दिले."

"मग बरोबर उत्तर काय लिहू?"

मी माझं तेच अकरा वर्षांचं वाक्य सांगितलं. तिने पेपर कठड्यावर ठेवला, पट्टी लावून आपल्या आलेखावर तिरकी रेघ मारली आणि खाली माझं वाक्य सुवाच्य अक्षरात लिहून घेतलं.

"थँक यू, मॅडम," ती म्हणाली.