दोन नाळींची होडी

होडीने भाट्याच्या खाडीत तिसरी प्रदक्षिणा घातली तेव्हा काठावरच्या बँडवाल्यांनी वाजवायचं थांबवलं. पहिल्या फेरीला लोकांना वाटलं, देवाला घालतात तशी मानाची फेरी असेल. दुसरीला टाळ्या विरळ झाल्या. तिसरीला मात्र होडीवर हार घालून उभे राहिलेले मच्छीमार सोसायटीचे चेअरमन रावजी भाटकर हात हलवायचे थांबले आणि जवळचा दोरखंड धरून मटकन खाली बसले. त्यांना पोहता येत नव्हतं, आणि हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं.

"बाबल्या, सरळ ने की रे," ते सुकाणूवरच्या बाबल्याला म्हणाले.

"सरळच नेतोय. तीच मेली उजवीकडं वळतेय. वायच थांबा, दमली की ऱ्हाईल."

होडी काही दमली नाही. शेवटी इंजिन बंद करून, दुसरी होडी लावून, हार घातलेल्या चेअरमनसकट ती ओढत काठाला आणावी लागली. होडी अशी का वागते आहे याचा शोध सगळा भाट्याचा काठ घेत होता. एकाच माणसाला ते कारण पक्कं ठाऊक होतं, आणि तो माणूस म्हणजे ती होडी बांधणारा धाकू मेस्त्री. तो खाली मान घालून वाळूतली स्वतःची पावलं न्याहाळत होता.

ही शहाऐंशी सालातली गोष्ट. मुंबईहून टिकेकर नावाचा पोरसवदा इंजिनिअर एक आराखडा घेऊन आला होता. दोन अरुंद होड्या शेजारी शेजारी आणि त्यांना जोडणारा वर एक रुंद फळ्यांचा माच. अशी होडी डुलत नाही, उथळ खाडीत वरपर्यंत जाते, आणि शीड लावलं की डिझेल निम्मं लागतं. ट्रॉलरवाल्यांनी दर्या खरवडून काढला, आता गरिबाने लांब जायचं तर तेल परवडायला हवं, असं टिकेकर पोटतिडकीने सांगायचा. रावजींना एवढ्याने समाधान नव्हतं. हिच्यावर जाळी न्यायची, बर्फ न्यायचा, आंब्याच्या पेट्या न्यायच्या, अडलेली बाई न्यायची आणि वेळ पडली तर वऱ्हाडही न्यायचं, असं त्यांनी सभेत जाहीर करून टाकलं होतं. चाचणी पास झाली तर सरकार अशा आणखी सहा होड्या बांधून घेणार होतं आणि त्या धाकूच्याच हातून. म्हणजे तीन वर्षांचं काम. गेली दोन वर्षं नुसत्या जुन्या होड्यांच्या फटी बुजवत बसलेल्या धाकूला हे ऐकून रात्री झोप लागली नव्हती.

मुहूर्तालाच घोटाळा झाला होता. होडी एक पण नाळी, म्हणजे पुढची टोकं, दोन, तेव्हा नारळ किती फोडायचे? भटजींनी डोकं खाजवून विचारलं, "हे दोन जीव जोडायचे म्हणता, तर मग अंतरपाट आणू का?" अखेर दोन्ही नाळींवर एकेक नारळ फोडून तो प्रश्न सुटला. खरा घोटाळा पुढे झाला.

टिकेकर रोज बजावायचा, "मेस्त्री, एकच लक्षात ठेवा. दोन्ही होड्या अगदी सारख्या हव्यात." धाकू मान डोलवायचा. पण त्याच्या घराण्यात पाच पिढ्यांचा एक दंडक होता. एका मेस्त्रीने दोन होड्या सारख्या बांधायच्या नाहीत. सारख्या दोन दिसल्या की दर्याला कळत नाही कुठली घ्यायची, मग तो दोन्ही घेतो. धाकूच्या बापाने मरताना दुसरं काही सांगितलं नव्हतं. धाकूने आजवर शंभरावर होड्या बांधल्या. एकीची नाळ लांब, दुसरीचं पोट मोठं, आणि त्याच्या होडीतून गेलेला एकही माणूस बुडाला नव्हता. अशा माणसाने काल आलेल्या कागदाचं ऐकायचं की बापाचं? टिकेकरने वरून टेप लावून सगळं मोजलं. वाळूत रुतलेल्या तळाशी उजव्या होडीचा कणा चार अंगुळं जास्त खोल आहे, हे त्याला दिसलं नाही. ती त्या इंजिनिअर पोराच्याच भल्यासाठी, दर्याची नजर चुकवायला केलेली सोय होती.

त्या रात्री घरी धाकूच्या बायकोने, आनंदीबाईने, पान वाढलं. धाकू भात चिवडत बसला.

"अवो, जेवताय की भातातलं खडं वेचताय?"

"भूक नाय गो."

"तुमी काय केलात त्या होडीला?"

"काय नाय. आबांचा शब्द राखलाव."

आनंदीबाई पाट ओढून समोरच बसली. चाळीस वर्षांच्या संसारानंतर तिला सगळं कळायला एवढं पुरे होतं. "आबा एकेकटी होडी बांधीत हुते. ही जोताला जुपलेली बैलांची जोडी हाय. एक बैल जड केलात तर जोत गोल फिरनार नाय तर काय करनार?"

धाकूला हे आधी सुचलं नव्हतं. बायकोला सुचलं याचं त्याला फार वाईट वाटलं.

तिकडे टिकेकरने तीन दिवस धड अन्न घेतलं नाही. इंजिन उघडलं, सुकाणू काढून बसवलं, भरती-ओहोटीची कोष्टकं पाहिली. चौथ्या दिवशी तो धाकूच्या कामाच्या खोपीत आला. डोळे लाल झालेले.

"मेस्त्री, तुमचं काम चोख आहे. आराखडाच चुकलाय. तसं कळवतो मुंबईला. पुढच्या सहा होड्या आता होणार नाहीत, आणि मलाही बहुतेक दुसरं काम शोधावं लागेल."

धाकूने हातातला लाकूड तासायचा वाकस खाली ठेवला. गप्प बसायचं तर जगात कोणालाच कळणार नव्हतं, आणि नाव शाबूत राहणार होतं.

"सायेब, चूक तुमची नाय. उजवी होडी चार अंगुळं खोल हाय. मीच केली."

"मुद्दाम?"

"व्हय. तुमच्याच भल्यासाठी." आणि मग त्याने बापाचं सगळं सांगून टाकलं.

टिकेकरने चष्मा काढून पुसला. मग तो हसायला लागला आणि हसता हसता डोळे पुसू लागला. मग म्हणाला, "आता करायचं काय?"

"डावी तुमची हाय, उजवी माजी. माजी तासायची."

ओहोटीला होडी कलती करून धाकूने तो कणा स्वतः तासला. दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नाही. दोन दिवस लागले.

दुसऱ्या चाचणीला बँड नव्हता, आणि रावजींना नेमकं त्याच दिवशी देवरूखला काम निघालं. बाबल्याने शीड उभारलं. होडीला नाकं दोन, तरी ती नाकासमोर गेली आणि खाडीच्या मुखाबाहेर दिसेनाशी झाली. टिकेकर आनंदाने वाळूत नाचला. धाकू मात्र काठावर बसून राहिला. आता दोन्ही सारख्या होत्या. आनंदीबाई डबा घेऊन आली आणि त्याच्याजवळ बसली. उन्हं कलल्यावर बाबल्या बांगड्यांचे दोन हारे घेऊन परत आला, तेव्हा कुठे धाकूने डबा उघडला.

संध्याकाळच्या एसटीने रिपोर्ट जायचा होता. खोपीतल्या फळीवर कागद ठेवून टिकेकर लिहीत होता.

"काय लिवलात?" धाकूने विचारलं.

"किरकोळ दुरुस्तीनंतर चाचणी यशस्वी."

"कसली दुरुस्ती ते नाय लिवलात?"

"मेस्त्री, खरं लिहिलं तर साहेब लोक पुढचं काम तुम्हाला देणार नाहीत."

"मग दुसऱ्याला देतील. केळशीच्या मेस्त्रीला, नायतर गुहागरच्या. त्यांना पन बाप हुते, सायेब. त्यांनीपन कायबाय सांगून ठेवलेलं असंल. त्यांना कोन सांगनार, की जोडीला ते चालत नाय? लिवा तुमी."

टिकेकरने ती ओळ खोडली. मग म्हणाला, "पूर्ण नाव सांगा."

धाकू गोंधळला. त्याच्या होड्यांवर मालकांची नावं होती, देवांची होती, एकीवर तर मालकाच्या म्हशीचं होतं. त्याचं नाव आजवर कशालाच लागलं नव्हतं.

"धाकू रामजी मेस्त्री," तो सावकाश म्हणाला.

टिकेकरने दुरुस्तीचं खरं कारण त्या नावासकट लिहिलं. धाकूने धोतराला हात पुसले आणि कागदावर वाकला.

"ह्यातला धाकू कंचा?"

टिकेकरने बोट ठेवून दाखवलं. फळीची कड पाहावी तसा धाकूने एक डोळा मिटला आणि ती ओळ या टोकापासून त्या टोकापर्यंत नीट न्याहाळली.

"सरळ आलीय," तो म्हणाला, आणि हत्यारं गोळा करायला लागला.