थुंकलेला चहा

सकाळी साडेआठला चहा-परीक्षकाला सीटी स्कॅनच्या टेबलावर आडवं केलं आणि लगेच उठवून बसवलं. पडद्यावर नाडी नव्वदच्या घरात होती. या तपासणीला ती साठीच्या आसपास लागते. हृदय धावत असलं की फोटो हलतो.

मागच्या महिन्यात त्यांना हृदयविकाराचा झटका येऊन गेला. गुठळी औषधाने विरघळली. बाकीच्या रक्तवाहिन्या कुठे अरुंद झाल्यात का, हे आता पाहायचं होतं. मनगटातून हृदयापर्यंत तार घालू द्यायला त्यांनी साफ नकार दिला, म्हणून हा बाहेरून फोटो काढायचा मार्ग. फोटो नीट आला नाही तर तारेशिवाय गत्यंतर नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

"काका, नाडी वाढते म्हणून चहा-कॉफी बंद सांगितली होती. सकाळपासून चहा घेतलात?" टेक्निशियन बाईंनी विचारलं.

"घेतला नाही. चाखला."

"किती?"

"वीसेक कप. पण घोट एकही गिळला नाही. थुंकायचा असतो तो."

दारात उभ्या बायकोने कपाळावर हात मारला. "अहो, फिरायला जातो म्हणून गेला होतात ना?"

"ऑफिसपर्यंतच फिरलो. लिलावाचा माल आला होता."

"म्हणजे भावोजी," मागून मेहुणा म्हणाला, "चोरी केली, पण खिशात काही ठेवलं नाही."

"आमच्या धंद्यात थुंकलेला चहा प्यायलेला धरत नाहीत."

"हृदय तुमच्या धंद्यात नाही, काका," बाई म्हणाल्या. "इतके कप तोंडात फिरवले की थोडा आत जातोच."

नाडी उतरवायची गोळी देऊन त्यांना बाकावर बसवलं. बायको शेजारी बसली. मेहुण्याने दोन विनोद केले, ते वाया गेले. बऱ्याच वेळाने नाडी सत्तरच्या जरा खाली आली. याहून खाली ती येईना.

"करून बघू," डॉक्टर म्हणाले. "हमी देत नाही."

रक्तवाहिन्या फोटोत दिसाव्यात म्हणून हाताच्या शिरेतून औषध गेलं, अंग गरम झालं. काचेपलीकडून सूचना आली, "श्वास आत घ्या."

त्यांनी सवयीने ओठांचा चंबू करून भुरका मारला.

"काका, भुरका नको! नुसता श्वास. आणि धरून ठेवा."

दुसऱ्यांदा जमलं.

दुपारी डॉक्टरांनी पडदा वळवून दाखवला. डाव्या बाजूच्या रक्तवाहिन्या मोकळ्या होत्या. उजवीच्या मधल्या भागात फोटो पुसट होता.

"अरुंद आहे का?" बायकोने विचारलं.

"आहेही म्हणवत नाही, नाहीही म्हणवत नाही. हललंय."

"पुन्हा काढा ना," चहा-परीक्षक म्हणाले. "उद्या पाण्याशिवाय काही तोंडात घेणार नाही."

"फोटोसाठी शिरेतून दिलेलं औषध मूत्रपिंडांना जड जातं. लगेच पुन्हा देता येणार नाही. हे फोटो मी हृदयाच्या मोठ्या डॉक्टरांना पाठवतो. त्यांना वाचता आले तर ठीक, नाहीतर तार."

"आणि तार म्हणाले तर?" बायकोने नवऱ्याकडे पाहिलं.

"आधी म्हणू तर देत."

फोटो तासाभरात पाठवले गेले. संध्याकाळी बाहेरच्या रुग्णांचा विभाग बंद झाला, तोवर मोठ्या डॉक्टरांचा फोन आलेला नव्हता.