हरीशच्या जाहिरातीतली आई

माझा धाकटा भाऊ हरीश ओहायोच्या विधानसभेला उभा राहिला, तेव्हा पैसा विमा कंपन्यांच्या संघटनेने दिला, भाषणं पार्टीने लिहून दिली आणि माझ्या आईने आपला खुबा दिला.

साल चौऱ्याण्णव. बाबा गेल्यापासून आई आमच्याकडे इंग्लंडात, वॉटफर्डला होती. होती म्हणजे टेकली होती. लेकीकडे पाहुणी म्हणून जावं, राहावं मुलाकडे, हे तिच्या डोक्यात पक्कं बसलेलं. गिरीश, माझा नवरा, समोर असला की ती दुसरी पोळी घ्यायलाही संकोचायची. हरीश दर फोनला सांगायचा, "आई, इलेक्शन होऊ दे, मग तुला घेऊनच जातो." त्या भरवशावर तिने नवे स्वेटरही घड्या न मोडता ठेवून दिले होते. हे घर तुझंच आहे, हे मी सांगून कंटाळले होते.

त्या वर्षी अमेरिकेत सरकारी आरोग्यसेवा आणावी की नको यावरून रान पेटलं होतं. विमेवाल्यांना ती नको होती, म्हणून नको म्हणणाऱ्या उमेदवारांच्या पाठीशी ते उभे होते. आता टीव्हीला हवा होता एक चेहरा. खुब्याच्या ऑपरेशनसाठी ब्रिटनच्या सरकारी दवाखान्याच्या रांगेत ताटकळलेली उमेदवाराची सख्खी आई! असं घबाड रोज कुठे सापडतं?

जाहिरातवाला कॅमेरा घेऊन आमच्या दिवाणखान्यात आला. गोड बोलणारा, दात पांढरेशुभ्र. आईने जांभळी साडी नेसली होती, ती त्याने बदलायला लावली. तिकडे एका खोलीत माणसं बसवून, त्यांना फोटो दाखवून त्यांनी मतं घेतली होती म्हणे. पांढऱ्या साडीतल्या म्हातारीवर लोक जास्त विश्वास ठेवतात. बाबा गेले तेव्हाही आई पांढरं नेसली नव्हती. हरीशसाठी नेसली.

ती मराठीत बोलली आणि मी शब्दन् शब्द इंग्रजीत सांगितला. "खुब्यासाठी वर्षभर थांबवलं हो मला. दुखून रात्रभर डोळ्याला डोळा लागत नसे. पण केलं तेव्हा सोन्यासारखं केलं. एक पेनी घेतली नाही. ती आयरिश नर्स तर मला लेकीच्या मायेने न्हाऊ घालायची."

"ब्यूटिफुल," तो म्हणाला.

महिन्याभराने टेप आली. अमेरिकेतली टेप आमच्या व्हिडिओवर चालेना, म्हणून दुकानातून इथे चालेल अशी करून आणली. आई पदर सावरून टीव्हीपुढे बसली. पडद्यावर पांढऱ्या साडीतली ती डोळ्याला डोळा लागत नसे म्हणाली, वर एका बाईचा इंग्रजी आवाज आला, आणि लगेच हरीशचा फोटो. सोनं नाही, पेनी नाही, नर्स नाही.

मी तिथल्या तिथे हरीशला फोन लावला.

"ताई, आय डोन्ट डिसाइड," तो म्हणाला. "पार्टी डिसाइड करते, आणि पार्टीला डोनर्स सांगतात. तीस सेकंदांत किती बसणार? आणि आई खोटं कुठे बोललीये?"

खोटं नव्हतंच. तेच तर वाईट. मी त्याच सरकारी सेवेत भूल देणारी डॉक्टर. आईचा खुबा बसवणारा सर्जन मला थिएटरमध्ये रोज भेटायचा. "हाउ इज मम?" असं त्याने विचारलं की मी हातमोजे चढवण्यात गुंतल्यासारखं करायचे. लाज वाटायची मला. आईला बोलले तर ती म्हणाली, "निवडणुकीत थोडं इकडचं तिकडे व्हायचंच गं. तो निवडून आला, की झालं."

आला निवडून. आईने देवापुढे साखर ठेवली आणि पोस्टातल्या बाईलासुद्धा पेढा दिला. त्यानंतर ती रोज फोनच्या आसपास वावरायची. विजयाच्या मेजवान्या आटोपल्यावर एका रविवारी त्याचा फोन आला. आईला कमी ऐकू येतं म्हणून मी स्पीकर लावला.

"आई, मी इकडे चौकशी केली. तुला कुणी इन्शुरन्स देणार नाही गं. हे वय, त्यात खुब्याचं ऑपरेशन. एखादं आजारपण निघालं तर मला घर विकावं लागेल. तिथे तुला सगळं फ्री आहे. हॉस्पिटल चांगलं, ताई डॉक्टर. तू तिथेच बरी."

मी तोंड उघडलं, तर आईने हाताने गप्प केलं.

"बरं हो," ती फोनला म्हणाली. "वेळेवर जेवत जा. फार दगदग करू नकोस."

फोन ठेवला. मला हरीशला, त्याच्या पार्टीला, त्या पांढऱ्या दातांच्या माणसाला, सगळ्यांना लाखोली वाहायची होती. पण ड्यूटीवरून नुकतीच आले होते आणि अंगात त्राण नव्हतं. मी नुसती तिच्या शेजारी बसले. आईने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. मग माझ्याकडे न बघता, आवाज अगदी खाली आणून म्हणाली,

"वीणा, गिरीशरावांना जरा विचारून बघशील? मी इथेच राहिले तर चालेल का त्यांना?"