विचाराल तेवढंच

साडेनऊ.

वाडीच्या गोदामात ओमप्रकाश सहा दिवसांपासून इनचार्ज होता. तात्पुरता. मालक भैयाजींनी बजावलं होतं : अमरावतीची कूलरची गाडी आज चारच्या आत, पूर्ण माल घेऊन निघाली, तर खुर्ची कायमची.

बिल्टी, म्हणजे गाडीतल्या मालाची पावती, बनवणारी नूपुर म्हणाली, "सर, ते मागच्या दाराजवळ..."

"तुले विचारलं काय? आपली बिल्टी बनव चूपचाप!"

सगळ्या हमालांसमोर. नूपुरनं बिल्टी बनवली. चूपचाप.

अडीच.

"गाडी भरली?" ओमप्रकाशनं हमालांच्या मुकादमाला, प्रेमानंदला विचारलं.

"भरली."

"ताडपत्री बांधली?"

"बांधली."

सव्वातीन.

गाडी जागच्या जागी.

"निघून काहून नाही राहिली?"

"मागचं चाक बसलं ना, भाऊ."

"कवापासून?"

"सकाळपासून."

"मंग सांगितलं काहून नाही गा?"

"न विचारता बोललं का तुम्ही भडकता. आम्ही म्हटलं, नवा नियम असंल."

तीन पस्तीस.

चाक बदललं. आणखी काय काय विचारायचं राहिलं? ओमप्रकाश धावत सुटला. डिझेल? आहे. कागद? आहेत. ब्रेक? लागतो. ड्रायव्हर जेवला? जेवला. ड्रायव्हरचं लायसन? आहे. ड्रायव्हर कुठं आहे?

"हे बरं विचारलं," प्रेमानंद म्हणाला. "झोपला आहे."

चारला दहा कमी.

ओमप्रकाश नूपुरच्या टेबलापुढे उभा. हमाल सगळे तिथंच.

"सकाळी तू काही सांगून राहिली होती. मी सगळ्याइसमोर तुह्यावर खेकसलो. चुकलं माह्यं. काय होतं ते?"

नूपुरनं पेन खाली ठेवलं. "कूलरचे पंप, सर. सगळी खोकी गोदामाच्या मागच्या दाराजवळच राहिली."

ताडपत्री सोडा. खोकी चढवा. ताडपत्री बांधा.

पाच वाजून पाच.

गाडी निघाली. फोनवर ओमप्रकाशनं भैयाजींना सगळं खरं सांगितलं, चाकापासून पंपापर्यंत. "खुर्चीचं पुढच्या महिन्यात पाहू," भैयाजी म्हणाले. नाही म्हणाले नाहीत.

त्यानं फोन ठेवला आणि प्रेमानंदनं घसा खाकरला.

"भाऊ, तोंड उघडलंच आहे तर सांगतो. तुम्ही शिटी मारून बोलावता, ते बरं नाही वाटत."

"अन् चहा फक्त स्वतःसाठी मागवता," एक हमाल.

"अन् फोनवर लय जोरानं बोलता," नूपुर. "घरचं भांडण आम्हाले पाठ झालं, सर."

ओमप्रकाशचे कान लाल झाले. ओठांवर आलेलं त्यानं गिळलं, स्टूल ओढून बसला आणि म्हणाला, "हळू सांगा. एकेक करून."

रांग लागली.