दादाचा चमचा

दादाच्या घरी पानाशेजारी चमचा असायचा, तो इंग्रजीसाठी. दादाचा इंग्रजी व्याकरणाचा क्लास होता. दिवसभर लोकांच्या क्रियापदांचे काळ सुधारूनही हौस फिटायची नाही, म्हणून रोज जेवताना धाकट्या बहिणीची पाळी. पानावर बसलं की इंग्रजीतच बोलायचं. क्रियापद चुकलं की दादा ताटाच्या काठावर चमचा वाजवणार, टण्! धाकटीनं रूप बदलायचं. पुन्हा टण्, पुन्हा बदलायचं. काय चुकलं ते मात्र हा गृहस्थ तोंडानं सांगायचा नाही. वहिनीनं तर जेवताना बोलणंच सोडलं होतं.

धाकटी औषधांच्या कारखान्यात पॅकिंगला होती. उभं राहून राहून तिचे पाय भरून यायचे. शिफ्ट इन्चार्जची जागा निघाली आणि तिनं मनाशी ठरवलं, ही आपलीच. मुलाखत इंग्रजीत होती, पण इंग्रजीला ती आता घाबरत नव्हती.

साहेबांनी विचारलं, आधी कुठे काम केलंत?

"आय वर्क्ड इन अ सोप फॅक्टरी," ती ठणकावून म्हणाली.

तेवढ्यात साहेबांनी चहात साखर ढवळली. टण्!

"आय हॅव वर्क्ड..." तिची जीभ आपोआप वळली. टण्! "आय ॲम वर्किंग..."

साहेबांचा हात थांबला. "म्हणजे त्या साबणाच्या कारखान्यात तुम्ही अजून जाता?"

"नाही, नाही!" ती गडबडली. पुढच्या प्रश्नाला चहा पुन्हा ढवळला गेला आणि पुन्हा तीच गत झाली. शेवटी साहेब म्हणाले, "बाई, स्वतःचंच तुम्हाला नक्की सांगता येत नाही. शिफ्ट कशी सांभाळणार?" जागा दुसरीला गेली.

ती बाहेर पडली, तेव्हा मागे पुन्हा कप वाजला. तिची जीभ पुन्हा हलली, तोंडात एकही वाक्य नसताना! तेव्हा कुठे तिच्या डोक्यात प्रकाश पडला. पाठोपाठ मस्तकात तिडीक गेली. इतका संताप तिला जन्मात आला नव्हता.

रात्री पानावर बसून तिनं सगळं सांगितलं, चक्क मराठीत. दादानं सवयीनं चमचा उचलला. तिनं तो त्याच्या हातातून हिसकावून घेतला.

"आज मी बोलणार आणि तू ऐकणार!"

दादा वरमला. मग हळूच म्हणाला, "पण तू पहिल्यांदा काय म्हणाली होतीस?"

"आय वर्क्ड इन अ सोप फॅक्टरी."

वहिनीनं वाढता हात थांबवला.

"सांग ना, बरोबर की चूक?" धाकटीनं विचारलं.

"बरोबर," दादा ताटाकडे बघत म्हणाला. "अगदी बरोबर होतं गं."

धाकटीचे डोळे भरून आले, पण आवाज खाली आला नाही.

"मग इतक्या वर्षांत बरोबरला एकदा तरी वाजवायचा होतास!"